डाव्या कल्ल्याचा चोर

"लिहा," गरुड म्हणाले. "'ज्यांच्या नजरेतून मुंगीचं लंगडणंही सुटत नाही, ज्यांची स्मरणशक्ती म्हणजे पोलादी तिजोरी, आणि ज्यांनी केवळ एकाग्रतेच्या बळावर...' केवळ एकाग्रतेच्या बळावर..."

खिशात टिंग झालं. गरुडांनी फोन काढला. काहीतरी बघून ते हसले, मग आणखी काहीतरी बघून गंभीर झाले, मग एका पाणमांजराला पोटावर दगड ठेवून शिंपला फोडताना बघून थक्क झाले, आणि बऱ्याच वेळाने मान वर करून म्हणाले, "कुठे होतो आपण?"

"एकाग्रतेच्या बळावर," साडूभाऊंनी सांगितलं.

"हां. काय एकाग्रतेच्या बळावर?"

"ते तुम्ही सांगणार होतात, दादा."

"कमाल आहे तुमची! लिहून घेणाऱ्याचं लक्ष नको का जाग्यावर?"

साडूभाऊंनी निमूटपणे 'बळावर'च्या पुढे टिंबं दिली. गेले कित्येक महिने ते गरुडांचा हा परिचय आपल्या फोनवर उतरवून घेत होते, आणि तो अजून या टिंबांच्या पलीकडे गेला नव्हता.

साडूभाऊंचं चष्म्यांचं दुकान होतं. दुपारी ते बंद असे आणि तेवढ्या वेळात साडूभाऊ गुप्तहेराचे सहायक असत. हे पद त्यांनी मागितलं नव्हतं, ते बायकोबरोबर आलं होतं. गरुडांची बायको ही त्यांच्या बायकोची थोरली बहीण, म्हणून गरुड त्यांना साडूभाऊ म्हणत. गरुडांचा आवाज पहिल्यापासून खणखणीत असल्यामुळे हळूहळू सगळी गल्लीच त्यांना साडूभाऊ म्हणायला लागली, ज्यांच्या बायकोचा या घराण्याशी काडीचा संबंध नव्हता तेसुद्धा.

'गरुड' हे नाव मात्र गरुडांनी स्वतःला स्वतःच दिलेलं होतं. नोकरीत असताना ते घरोघर फिरून पाण्याचे मीटर वाचत. जो माणूस लोकांच्या मोरीपर्यंत पोचला तो त्यांच्या मनापर्यंत सहज पोचतो, असा त्यांचा सिद्धांत होता. निवृत्त झाल्यावर त्यांनी गॅलरीला काचा लावून घेतल्या, आत टेबल टाकलं आणि बाहेर पाटी ठोकली: 'गरुड. गुप्त तपास. बेल एकदाच वाजवावी.' या गरुडाच्या चष्म्याचा नंबर किती जाड आहे हे जगात फक्त साडूभाऊंना माहीत होतं, आणि धंद्याच्या इमानाला जागून ते कुणाला सांगत नसत.

तर त्या दुपारी बेल एकदाच वाजली. गरुडांच्या सौभाग्यवतींनी, म्हणजे ताईंनी, दार उघडलं. साडूभाऊ त्यांना आपल्या बायकोसारखंच ताई म्हणत. ताईंचा स्वतःचा फोन नुकताच कपडे भिजवलेल्या बादलीत पडून दुरुस्तीला गेला होता. त्यामुळे त्या जरा करवादलेल्या होत्या, आणि घरात कोण आलं, कसं आलं, चपला कुठे काढल्या, याकडे त्यांचं भलतंच लक्ष होतं.

"कात्रीमास्तर आलेत," त्या म्हणाल्या. "रडवेले झालेत. त्यांना आधी बसायला सांगा, मग स्वतःचं कौतुक सांगा."

चौकात सलून चालवणारे कात्रीमास्तर गल्लीत सगळ्यांच्या ओळखीचे होते. ते खुर्चीच्या कडेवर टेकले आणि त्यांनी एका दमात सांगून टाकलं.

"गरुडसाहेब, माझ्या दुकानातून कल्ले चोरीला जातायत."

गरुड ताठ बसले. "किती?"

"माणशी एक."

साडूभाऊंनी लिहून घेतलं.

"गिऱ्हाईक खुर्चीवर बसतं, मी केस कापतो, दोन्ही कल्ले करतो. शपथेवर सांगतो साहेब, दोन्ही करतो, मला पक्कं आठवतंय. गिऱ्हाईक पैसे देऊन जातं. आणि घरी पोचलं की उजवा कल्ला झुपकेदार, जसाच्या तसा, आणि डावा गायब! पार कानाच्या वरपर्यंत. शाळेच्या मुख्याध्यापकांचं तेच. बसच्या कंडक्टरचं तेच. मुख्याध्यापक सकाळी मैदानावर भाषणाला उभे राहिले तर अख्खी शाळा हसत होती म्हणे."

"हं," गरुड म्हणाले. "आणि यामुळे तुमचा धंदा बसतोय."

"धंदा गेला खड्ड्यात!" मास्तरांचा आवाज एकदम चिरकला. "रविवारी माझ्या लेकीचं लग्न आहे. होणाऱ्या जावयाचे केस लग्नाच्या सकाळी मी कापणार, हे ती एवढीशी होती तेव्हापासून ठरलंय. माझ्या खुर्चीच्या हातांवर फळी टाकून तिला बसवायचो, तेव्हा ती म्हणायची, माझ्या नवऱ्याचे पण तुम्हीच कापा. आणि काल रात्री जेवताना म्हणते, 'बाबा, रागावू नका, पण त्याला आपण समोरच्या सलूनमध्ये पाठवू या का?' माझ्या लेकीला माझ्या हाताचा भरवसा राहिला नाही, साहेब."

साडूभाऊंना फार वाईट वाटलं. स्वतःच्या दुकानात बसून त्यांना नेहमी एकच भीती वाटायची, की एक दिवस त्यांची मुलगी दुसरीकडून चष्मा करून येईल.

"अलीकडे दुकानात काही नवीन?" गरुडांनी डोळे बारीक करून विचारलं.

"काही नाही हो. तीच खुर्ची, तोच आरसा, तोच मी."

तेवढ्यात टिंग झालं. तिघांनीही फोन काढले. वाजला होता एकाचाच, पण काढला आहेच तर बघून घ्यावं म्हणून तिघेही बघत बसले. गरुडांचं पाणमांजर आता पिल्लाला पोहायला शिकवत होतं.

"कुठे होतो आपण?" गरुड शेवटी म्हणाले.

मास्तरांना आठवेना. साडूभाऊंनाही आठवेना.

"कल्ल्यावर," दारातून ताई म्हणाल्या, आणि चहाचे कप आपटून आत गेल्या.

तपासाला लगेच सुरुवात झाली. पहिली भेट मुख्याध्यापकांची. ते घरातसुद्धा टोपी घालून बसले होते.

"खुर्चीवरून उठताना तुम्ही आरशात पाहिलंत?" गरुडांनी विचारलं.

"पाहिलं म्हणजे, मास्तरांनी मागून छोटा आरसा धरला आणि मी 'छान' म्हटलं. मी त्या वेळी एक व्याख्यान ऐकत होतो फोनवर. मुलांना फोनपासून दूर कसं ठेवावं, या विषयावर. अतिशय उद्बोधक होतं."

"काय सांगितलं होतं त्यात?" साडूभाऊंनी उत्सुकतेने विचारलं. त्यांच्या घरीही तोच प्रश्न होता.

मुख्याध्यापकांनी टोपी जरा खाली ओढली. "ते आता नेमकं आठवत नाही," ते म्हणाले. "पण मी पुढे पाठवलंय सगळ्या पालकांना."

बाहेर पडल्यावर गरुड म्हणाले, "साडूभाऊ, त्या टोपीची नोंद करा. माणूस काहीतरी लपवतोय."

"कल्ला लपवतोय, दादा."

"हेच! तुम्हाला वरवरचं दिसतं. जाऊ दे. निष्कर्ष ऐका. कल्ला दुकानातून निघाला तेव्हा होता, घरी पोचला तेव्हा नव्हता. म्हणजे चोरी रस्त्यात झाली. चालत्या माणसाचा कल्ला, त्याला कळू न देता, एका हाताने! हा गुन्हेगार साधासुधा नाही. आता मला सांगा, यात फायदा कुणाचा?"

फायदा समोरच्या सलूनवाल्याचा होता, यात शंका नव्हती. त्याने तसं हसत हसत कबूलही केलं. लाल शर्ट घातलेला तो तरुण रंगीत दिव्यांच्या झगमगाटात उभा राहून म्हणाला, "माझं काय, काका, मास्तरांकडून निघालेलं गिऱ्हाईक संध्याकाळी माझ्याकडे येतं. मी उरलेला कल्ला उडवतो. त्या अर्ध्या कामाचे पूर्ण पैसे घ्यायला लाज वाटते, पण घेतो."

"एवढ्या सहज कबुली देणारा माणूस नक्की काहीतरी दडवतोय," गरुड साडूभाऊंच्या कानात म्हणाले. त्यांच्या मते लोक दोनच प्रकारचे होते, गोष्टी लपवणारे आणि त्या लपवत नसल्याचं दाखवणारे.

संध्याकाळी दोघांनी लाल शर्टाचा पाठलाग केला. पाठलाग शास्त्रशुद्ध व्हावा म्हणून गरुडांनी फोनवर नकाशा उघडला आणि त्यातल्या निळ्या ठिपक्यावरची नजर ढळू दिली नाही. निळा ठिपका म्हणजे ते स्वतःच होते, हे साडूभाऊंना माहीत होतं, पण ते मागे राहून एका आजोबांनी वेगळ्याच प्रकारे गाठ मारलेला बूट बघत होते, फोनवर. शेवटी दोघे एका लाल शर्टामागोमाग एका जिन्यावरून वर गेले आणि एका बाकावर बसले. शर्ट लाल असला तरी आतला माणूस भलताच होता, आणि ती खोली दातांच्या डॉक्टरांची होती. हे उमगेपर्यंत गरुडांचा नंबर आला. नाही म्हणायला संकोच वाटला म्हणून ते आत जाऊन दात साफ करून आले.

"वाया काही जात नाही," बाहेर येऊन ते म्हणाले. बोलताना त्यांचे दात खरोखरच चमकत होते.

दुसऱ्या दिवशी नवीन सिद्धांत आला. आरसा! आरशात डावं ते उजवं दिसतं. मग चोरीला गेलेला कल्ला मुळात उजवाच नसेल कशावरून?

"पण दादा, लोक घरी जाऊन हात लावून बघतात ना," साडूभाऊ म्हणाले. भिंगं आणि आरसे हा त्यांचा रोजचा विषय होता.

"कुठल्या हाताने?"

साडूभाऊंनी आपला उजवा हात डाव्या कानाला लावून पाहिला. त्या प्रश्नाला उत्तर नव्हतं असं नाही, पण द्यायला सुरुवात कुठून करावी ते कळेना. त्यानंतर संशय मुख्याध्यापकांच्या बायकोवर गेला, तिथून नवीन आणलेल्या साबणाच्या फेसावर, आणि तिथून चौकात डावीकडून येणाऱ्या वाऱ्यावर. वाऱ्याच्या वेळी ताई कपडे वाळत घालत होत्या. त्यांनी एक उशीचा अभ्रा झटकला आणि म्हणाल्या, "मग सगळ्यांच्या डाव्या मिशाही जायला हव्या होत्या." गरुडांनी वारा सोडून दिला.

शनिवारी गरुडांनी हुकमाचं पान काढलं. ते स्वतः गिऱ्हाईक बनून खुर्चीत बसणार होते आणि साडूभाऊ बाकावरून पहारा देणार होते.

"डोळ्यांत तेल घालून बघा," गरुड म्हणाले आणि चादरीखाली हात घेऊन बसले. थोड्याच वेळात त्यांची चादर पोटापाशी आतून उजळली. एरवी साडूभाऊंना ते विचित्र वाटलं असतं, पण त्यांनी नेमक्या त्याच वेळी तपास किती वाजता सुरू झाला हे टिपून ठेवण्यासाठी आपला फोन उघडला होता. तिथे एक माणूस चिखलाने भरलेला गालिचा धूत होता. काळा चिखल फावड्याने ओढला की खालून लाल-निळी नक्षी निघत होती. आता पूर्ण स्वच्छ झाला की बघायचं थांबवू, असं साडूभाऊंनी ठरवलं. गालिचा मोठा होता.

"झालं," मास्तरांचा आवाज आला.

"छान," गरुडांचा आवाज आला.

साडूभाऊंनी चटकन फोन खिशात टाकला. वेळ बघायची राहिलीच होती.

घरी आल्यावर दार उघडून ताई नवऱ्याकडे बघत राहिल्या.

"अहो, एक कल्ला कुठे ठेवून आलात?"

गरुडांचा हात डाव्या कानाकडे गेला आणि वर वर सरकत टाळूपर्यंत पोचला. त्यांचा चेहरा क्षणभर पांढरा पडला, आणि मग त्यावर एक दिव्य तेज पसरलं.

"साडूभाऊ!" ते कुजबुजले. "तो मला भेटून गेला! माझ्या या नजरेसमोर, तुमच्या पहाऱ्यात! हा माणूस अदृश्य तरी आहे, नाहीतर संमोहन जाणणारा तरी."

साडूभाऊ मान खाली घालून चपला काढत राहिले. त्यांना खरंच लाज वाटत होती. संध्याकाळी मास्तर त्यांच्या चष्म्यांच्या दुकानात आले तेव्हा तर त्यांना तोंड लपवावंसं वाटलं. मास्तर ओरडले नाहीत की रडले नाहीत.

"मी लेकीला सांगून टाकलं, समोर पाठव म्हणून," ते म्हणाले. "तिलाच वाईट वाटलं. म्हणाली, बाबा, उद्या सकाळी आम्ही आधी तुमच्याकडे येतो. तोवर एक डोकं नीट झालेलं मला दिसलं तर तो तुमच्याच खुर्चीत बसेल. एक तरी डोकं, साडूभाऊ. पण आता माझ्याकडे बसायला येणार कोण?"

"मी येतो," साडूभाऊ म्हणाले. हे आपण का म्हणालो ते त्यांना कळलं नाही, पण म्हटल्यावर बरं वाटलं.

रविवारी सकाळी लवकरच साडूभाऊ खुर्चीत बसले. गरुड टॉवेलांच्या दांडीआड उभे राहिले. आज डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नाही, सगळं चित्रित करायचं, असं त्यांनी जाहीर केलं होतं. त्यांनी फोन टॉवेलांच्या फटीतून बाहेर काढून धरला.

एवढ्यात काचेचं दार ढकलून ताई आल्या. "चष्मा विसरलात," त्या टॉवेलांना म्हणाल्या. "फोन बघत जिना उतरलात ना, तेव्हा चष्मा टेबलावरच राहिला. गरुड म्हणे!" टॉवेलांतून एक हात आला आणि चष्मा घेऊन गेला. आल्यासारखं जरा टेकावं म्हणून ताई बाकावर बसल्या. फोन दुरुस्तीहून आलेला नव्हता. बाकावरचं मासिक जुनं होतं, ते त्यांनी आधीच्या खेपेला वाचलेलं होतं. करायला काहीच नसल्यामुळे त्या बघत बसल्या.

आज फोन काढायचा नाही असं साडूभाऊ घरून ठरवून आले होते. पण कात्री डोक्यामागे किरकिरू लागली आणि त्यांच्या मनात आलं, त्या गालिच्याचं शेवटी काय झालं असेल? फक्त तेवढं बघू. चादरीखाली हात गेला. गालिचा अजून धुवायचाच होता.

वस्तऱ्याचा गार स्पर्श डाव्या कानाशी झाला. टिंग झालं. वस्तरा गेला. मग पुन्हा गार स्पर्श झाला. पुन्हा टिंग. साडूभाऊंच्या गालिच्यावर आता एक मोर दिसायला लागला होता.

"मास्तर," ताईंचा आवाज आला. "एकच कल्ला तुम्ही किती वेळा करता?"

दुकान थबकलं. मास्तरांचा वस्तरा साडूभाऊंच्या डाव्या कानाच्या वर हवेत थांबला.

"म्हणजे?" मास्तर म्हणाले.

"म्हणजे हाच कल्ला तुम्ही आत्ता तिसऱ्यांदा करायला घेतलाय. पहिल्यांदा केलात तेव्हा मी काही बोलले नाही. दुसऱ्यांदा केलात तेव्हा म्हटलं असेल काही नवीन पद्धत. आता वरती करायला केसच नाहीत, म्हणून विचारलं."

साडूभाऊंनी कित्येक दिवसांनी प्रथमच आरशात नीट पाहिलं. उजव्या बाजूला त्यांचा कल्ला होता तसा सुखरूप होता. डाव्या बाजूला साडूभाऊंचा नुसता कान होता.

"पण मी दोन केले!" मास्तर म्हणाले. "मला पक्कं आठवतंय, दोनदा वस्तरा चालवला मी!"

"दोनदा चालवलात, पण एकाच बाजूला. तो तुमचा फोन बघा कुठे टांगलाय!"

सगळ्यांनी पाहिलं. आरशाच्या डाव्या कडेला एक नवाकोरा स्टँड लावलेला होता, त्यात फोन, आणि फोनवर लग्नाच्या मंडळींच्या संदेशांचा पाऊस. काल संध्याकाळपासून मांडवाच्या रंगावरून दोन्हीकडच्या मावश्यांची जुंपली होती.

"तो टिंग वाजला की तुम्ही तिकडे जाता," ताई सांगू लागल्या. "बघता. हसता. परत येता ते याच बाजूने येता, कारण हीच बाजू जवळ. आणि समोर दिसेल तो कल्ला करायला घेता. हाताला वाटतं एक झाला, आता हा दुसरा. जितके टिंग, तितका कल्ला वर!"

"मुख्याध्यापकांचा पार कानाच्या वरपर्यंत गेला होता," साडूभाऊ पुटपुटले.

"त्या दिवशी साखरपुड्याचे फोटो आले होते," मास्तर अगदी बारीक आवाजात म्हणाले. "सगळ्यांना उत्तरं देत होतो." ते मटकन बाकावर बसले. "पण मग शेवटी मला दिसायला हवं होतं ना? पूर्वी दिसायचंच की."

"पूर्वी तुम्ही अंगठे लावायचात," ताई म्हणाल्या. "माझ्या मुलांना घेऊन यायचे ना मी तुमच्याकडे, मला पाठ आहे. सगळं झालं की तुम्ही मागे उभे राहून दोन्ही अंगठे दोन्ही कल्ल्यांच्या टोकांना टेकवायचात आणि आरशात बघायचात. अंगठे एका रेषेत आले की मगच म्हणायचात, झालं. आता एक अंगठा फोनवर असतो. राहिलेल्या एका अंगठ्याने दोन्ही बाजू कशा मोजणार?"

मास्तरांनी आपल्या दोन्ही अंगठ्यांकडे पाहिलं, जणू कुणी हरवलेली वस्तू आणून हातात ठेवली होती.

टॉवेल बाजूला सारून गरुड बाहेर आले. "मी नेमकं हेच म्हणणार होतो," ते म्हणाले. "पुराव्यासह. सगळं चित्रित केलंय मी. बघा!"

सगळ्यांनी वाकून बघितलं. फोनवर पहिल्यापासून शेवटपर्यंत गरुडांचाच चेहरा होता. आधी चष्म्याविना, मग चष्मा लावून, पण सगळा वेळ डोळे बारीक करून, कमालीच्या एकाग्रतेने बघणारा.

"कॅमेरा उलटा लागला होता," साडूभाऊंनी हळूच सांगितलं.

"गुन्हेगाराने उलटा केला," गरुड म्हणाले, पण त्यांचं कुणी ऐकत नव्हतं. मास्तर उठले होते. त्यांनी स्टँडवरचा फोन काढला, घडी केलेल्या टॉवेलांच्या ड्रॉवरमध्ये टाकला आणि साडूभाऊंच्या उजव्या बाजूला जाऊन उभे राहिले.

"तुमचे सुद्धा," ताई म्हणाल्या. साडूभाऊंनी चादरीखालून फोन काढून दिला. त्या मोराचं काय होणार ही रुखरुख त्यांना लागून राहिली. गरुडांनी, सहायकाच्या सुरक्षेसाठी म्हणून, आपलाही दिला.

दार उघडलं तेव्हा मास्तर दुसरा कल्ला पहिल्याच्या उंचीवर नेत होते. लेक आत आली आणि मागोमाग तिचा होणारा नवरा. तिने साडूभाऊंचं डोकं दोन्ही हातांनी धरलं आणि कलिंगड पारखावं तसं डावी-उजवीकडे फिरवून पाहिलं.

"जरा वर गेलेत," ती म्हणाली. "पण सारखे आहेत."

आपल्या डोक्याबद्दल एवढा अभिमान साडूभाऊंना पूर्वी कधी वाटला नव्हता.

"तू बस," ती नवऱ्या मुलाला म्हणाली. त्याचाही फोन ड्रॉवरमध्ये गेला आणि पाठोपाठ तिचाही. त्याने कुरकुर केली नाही. समोर सासरे वस्तऱ्याला धार लावत असताना कुणीच केली नसती.

सुरुवातीला मास्तरांना जड गेलं. कात्री दोन पावलं चालायची आणि मान आपोआप रिकाम्या स्टँडकडे वळायची. तिथे काहीच नाही म्हटल्यावर मान परत यायची, पण हात मात्र अडकून बसायचा. "कुठली बाजू झाली?" ते स्वतःशीच विचारत. एकदा तर कपाळावर घाम आला आणि त्यांनी कात्री खाली ठेवली.

"डावी झाली, बाबा," लेक बाकावरून म्हणाली. "सावकाश करा. घाई नाही मला."

मास्तरांनी पुन्हा सुरुवात केली. हळूहळू मान वळायची थांबली. दुकानात कात्रीचाच काय तो आवाज राहिला, आणि साडूभाऊंच्या लक्षात आलं की या दुकानात इतक्यांदा येऊनही तो आवाज त्यांनी कित्येक दिवसांत ऐकलेला नव्हता. तुरटीचा खडा झिजून मध्ये खोलगट झालेला त्यांना दिसला. कोपऱ्यात आरशामागे उभी करून ठेवलेली लाकडी फळी दिसली, जिच्यावर बसून एक मुलगी मोठी झाली होती. एवढं सगळं या खोलीत होतं याची त्यांना गंमत वाटली.

शेवटी मास्तर खुर्चीच्या मागे उभे राहिले. त्यांनी दोन्ही अंगठे जावयाच्या दोन्ही कल्ल्यांच्या टोकांना टेकवले आणि आरशात पाहिलं. अंगठे एका रेषेत होते.

"झालं," ते म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

जावई खुर्चीतून उठला आणि लेक तिथे जाऊन बसली.

"माझ्या केसांची टोकं सरळ करून द्या, बाबा."

"आत्ता? अगं, घरी सगळे वाट बघत असतील."

"बघू देत."

मास्तर सवयीने कोपऱ्यातल्या फळीकडे वळले. दोन पावलं गेल्यावर थांबले आणि हसले. "फळी नको आता," ते म्हणाले आणि त्यांनी चादर झटकून तिच्या खांद्यांवर टाकली.

तेवढ्यात गरुडांनी दोन्ही खिसे चाचपले. वरचे चाचपले, आतले चाचपले, मग साडूभाऊंचेही चाचपले.

"कुणी जागचं हलू नका!" ते गरजले. "माझा फोन चोरीला गेलाय! आत्ता, या खोलीत! साडूभाऊ, दार अडवा. हा नवरा मुलगा आल्यापासून मला संशय येतच होता!"

टॉवेलांच्या ड्रॉवरमधून टिंग झालं. मग आणखी एक झालं. मावश्या बहुधा मांडवावरून फुलांवर आल्या होत्या.

"ऐकलंत? वाजतोय! कुठूनतरी वाजतोय!" गरुड टेबलाखाली वाकून शोधू लागले. ताई साडूभाऊंकडे बघत होत्या. साडूभाऊ सरकत जाऊन ड्रॉवरला पाठ लावून उभे राहिले. फोन कुठे आहे ते त्यांना व्यवस्थित आठवत होतं, आणि बऱ्याच दिवसांनी एखादी गोष्ट इतकी स्वच्छ आठवत होती की ती एवढ्यात सांगून टाकायची त्यांना इच्छा होईना.

मास्तरांनी मान वर केली नाही. लेकीच्या केसांची दोन्ही बाजूंची टोकं दोन्ही हातांत धरून ते आरशात बघत होते.